गणिताचें सामाईक भांडार

कोश म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें कपाटांतील जाडजूड खंडांची रांग उभी राहते. कै. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड अपार कष्ट सोसून सिद्धीस नेले, तेव्हांपासून सुशिक्षित मराठी कुटुंबांत कोशाचें हेंच स्वरूप मनांत ठसलेलें आहे : एक खंबीर संपादक, त्याच्या भोंवतीं लेखकमंडळ, मग छापखाना, आणि शेवटीं वर्गणीदाराच्या घरीं येऊन पडणारा खंड. या पद्धतींत एक उणीव अंगभूत असते. एकदां छापलेली चूक पुढील आवृत्ति निघेपर्यंत तशीच राहते, आणि मोठ्या कोशाची पुढील आवृत्ति बहुधा निघतच नाहीं. गेल्या कांहीं दशकांत मात्र कोशरचनेची एक निराळी रीत जगांत रूढ झाली आहे. देशोदेशींचे लोक आंतरजालावर एकत्र येऊन एकच कोश रचीत असतात. त्यांत विद्यापीठांतील अध्यापक असतात, विद्यार्थी असतात, निवृत्त मंडळी असतात आणि केवळ हौशी माणसेंही असतात. लिहिणाऱ्यास बहुधा वेतन नाहीं, वाचणाऱ्यास मूल्य नाहीं, आणि कोशास समाप्ति नाहीं. आश्चर्य असें कीं, उच्च गणितासारख्या अवघड शास्त्रांत ही रीत विशेष फळास आली आहे. तिचा परिचय करून द्यावा, आणि अशा कोशावर आपण कां व कितपत विश्वास ठेवावा याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

बहुतांनीं मिळून लिहावयाच्या अशा स्थळास ‘विकी’ म्हणतात. हा मूळचा हवाई बेटांतील भाषेचा शब्द असून त्याचा अर्थ ‘जलद’ असा आहे. १९९५ सालीं वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें पहिली विकी सुरू केली, आणि जानेवारी २००१ मध्यें निघालेल्या विकिपीडियामुळें ती कल्पना घरोघर पोंचली. तेव्हांपासून विचारी माणसें एक आक्षेप घेत आलीं आहेत, आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाहीं. ज्या ग्रंथांत कोणींही यावें व लिहावें, त्याचें प्रामाण्य तें काय? आपल्याकडे ‘पांचामुखीं परमेश्वर’ अशी म्हण आहे खरी. पण ती गांवकीच्या व्यवहारापुरती. गणितांत पांच काय, पांच हजार मुखांनीं एक गोष्ट सांगितली तरी तेवढ्यानें ती सिद्ध होत नाहीं. तेथें सिद्धता हेंच प्रमाण. मग बहुतांच्या हातांनीं लिहिलेला गणितकोश विश्वासास पात्र कसा ठरावा? या प्रश्नाचें उत्तर मोघमपणें न देतां एका प्रत्यक्ष कोशाचा इतिहास सांगून देणें आम्हांस अधिक इष्ट वाटतें.

तो कोश म्हणजे पूर्णांक-क्रमिकांचा आंतरजालीय ज्ञानकोश. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘ओईआयएस’ म्हणतात. क्रमिका म्हणजे कांहीं एका नियमानें एकामागून एक येणाऱ्या संख्यांची ओळ. १, ४, ९, १६, २५ ही वर्गसंख्यांची क्रमिका शाळेंतील मुलासही ओळखतां येते. परंतु सर्वच क्रमिका इतक्या सोप्या नसतात. १९६४ सालीं नील स्लोन हे तरुण गृहस्थ अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत प्रबंधाचें काम करीत होते. झाडाच्या फांद्यांप्रमाणें फुटत जाणाऱ्या आकृतींचा अभ्यास करतांना त्यांच्या हातीं १, ८, ७८, ९४४, १३८०० अशी ओळ आली. ती किती वेगानें वाढते हें त्यांना हवें होतें. ही ओळ पूर्वीं कोणास भेटली आहे काय, आणि भेटली असल्यास तिचा नियम काय, हें पाहण्यासाठीं त्यांनीं ग्रंथ चाळले. पण नेमकें कोठें शोधावें हेंच कळेना. शब्द अडला तर आपण अमरकोश किंवा मोल्सवर्थ उघडतों. संख्यांची ओळ अडली तर काय उघडावें? तेव्हां स्लोन यांनीं भेटतील त्या क्रमिका स्वतःच टिपून ठेवण्यास आरंभ केला. प्रथम वहींत, पुढें कार्डांवर. १९७३ सालीं त्यांचें पुस्तक निघालें. त्यांत २,३७२ क्रमिका शब्दकोशांतील शब्दांप्रमाणें क्रमवार लावलेल्या होत्या. शब्दकोशांत जें काम अक्षरें करितात, तें येथें संख्या करीत होत्या.

संख्यांच्या अशा ओळी जमवून उच्च गणितास काय लाभ, असें कोणी विचारील. त्यास रामानुजनांचें उदाहरण पुरे आहे. एकादी संख्या लहान-मोठ्या पूर्णांकांच्या बेरजेनें किती प्रकारांनीं मांडतां येते हें मोजावयाचें. चारचे असे पांच प्रकार होतात : नुसते ४, ३ व १, २ व २, २, १ व १, आणि चार वेळां १. मॅकमॅहन नांवाच्या ब्रिटिश गणितज्ञांनीं दोनशेंपर्यंतच्या प्रत्येक संख्येचे प्रकार हातानें गणित करून काढले व त्यांचें कोष्टक सिद्ध केलें. दोनशेंचे प्रकार ३९,७२,९९,९०,२९,३८८ इतके भरतात, यावरून त्या श्रमाची कल्पना यावी. या कोष्टकावरून दृष्टि फिरवितांना रामानुजनांच्या ध्यानीं आलें कीं, ४, ९, १४, १९ या संख्यांचे प्रकार अनुक्रमें ५, ३०, १३५, ४९० आहेत. म्हणजे प्रत्येकास पांचानें निःशेष भाग जातो. पांचापांचांच्या अंतरानें पुढेंही हेंच घडत जातें, याची सिद्धता त्यांनीं १९१९ सालीं प्रसिद्ध केली. सिद्धता करण्यापूर्वीं सिद्ध करावयाची गोष्ट दृष्टीस पडावी लागते, आणि ती दृष्टीस पडण्यासाठीं समोर बिनचूक कोष्टक असावें लागतें. कोष्टकांत एक अंक चुकला असता तर तो नियम कदाचित् डोळ्यांआड राहिला असता.

आतां आपल्या परंपरेंतील एक उदाहरण घेऊं. नारायण पंडितांनीं १३५६ सालीं ‘गणितकौमुदी’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यांत गाईंचें एक गणित आहे. एक गाय दरवर्षीं एक कालवड देते, आणि प्रत्येक कालवड चौथ्या वर्षापासून स्वतः दरवर्षीं एक कालवड देऊं लागते. तर वीस वर्षांनीं एकंदर गाई किती? वर्षवार मांडून पाहिलें असतां १, २, ३, ४, ६, ९, १३, १९, २८ अशी ओळ येते. लगतची मागील संख्या आणि मागून तिसरी संख्या यांची बेरीज केली कीं पुढची संख्या मिळते. १९ आणि ९ मिळून २८. असें करीत गेलें म्हणजे वीस वर्षांचें उत्तर २,७४५ येतें. आतां एक अगदीं वेगळा प्रश्न पाहा. घरांतील एक खोडकर मूल जिना चढतांना एका वेळीं एक पायरी तरी चढतें, नाहीं तर एकदम तीन पायऱ्यांची उडी मारतें. तर अमुक पायऱ्यांचा जिना तें किती प्रकारांनीं चढेल? तीन पायऱ्यांचा दोन प्रकारांनीं, चारांचा तीन, पांचांचा चार, सहांचा सहा, सातांचा नऊ. ओळ तीच आली! गोठा आणि जिना यांचा संबंध वरवर पाहणाऱ्यास दिसत नाहीं. पण कोशांत ते आंकडे घालून पाहिले कीं दोहींचें गोत्र एकच असल्याचें तत्काळ कळतें. ओईआयएसमध्यें ही क्रमिका ९३० व्या क्रमांकावर नोंदलेली असून ती नारायणाच्या गाईंची क्रमिका म्हणून ओळखली जाते. मोठमोठ्या संशोधकांसही हाच अनुभव येतो. आपल्या विषयांतील मोजणीचे पहिले पांच-सहा आंकडे ते कोशांत शोधतात, आणि दुसऱ्याच एका शाखेंत तीच ओळ दुसऱ्या कोणास भेटून गेल्याचें त्यांना आढळतें. मग तेथील सिद्धान्त येथें उपयोगी पडतात. हजारों शोधनिबंधांत या कोशाचा उल्लेख येतो तो यामुळेंच.

स्लोन यांचें पहिलें पुस्तक निघतांच त्यांच्याकडे पत्रांचा ओघ सुरू झाला. कोणी नवी क्रमिका कळवी, कोणी जुनीमधील चूक दाखवी. १९९५ सालीं सिमॉन प्लूफ यांच्या सहकार्यानें दुसरा ग्रंथ निघाला, त्यांत सुमारें साडेपांच हजार क्रमिका होत्या. १९९६ सालीं संग्रह आंतरजालावर आला, तेव्हां ती संख्या दहा हजारांवर गेली. एका माणसास हा व्याप आटोपेना, म्हणून २००२ सालीं सहसंपादकांचें मंडळ नेमण्यांत आलें. आणि २०१० सालीं सर्व संग्रह विकीच्या धर्तीवर आणून बहुतांच्या हातीं सोंपविण्यांत आला. आज त्यांत साडेतीन लाखांहून अधिक क्रमिका आहेत. थेंबें थेंबें तळें सांचे, ही म्हण येथें शब्दशः खरी ठरली.

पण तळें नुसतें सांचून चालत नाहीं; पाणी निर्मळ राहिलें पाहिजे. त्यासाठीं येथें जी व्यवस्था आहे ती समजून घेण्यासारखी आहे. कोणाही माणसानें आपल्या खऱ्या नांवानें नोंदणी करून नवी क्रमिका सुचवावी. ती लागलीच कोशांत जात नाहीं. मसुदा म्हणून संपादकांपुढें येते, आणि तेथें प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. व्याख्या निःसंदिग्ध आहे काय? दिलेल्या संख्या व्याख्येस धरून आहेत काय? दिलेलें सूत्र सिद्ध झालेलें आहे, कीं पहिल्या कांहीं आंकड्यांवरून बांधलेला तो तर्क आहे? तर्क असेल तर ‘हा तर्क आहे’ असें स्पष्ट लिहावें लागतें. ही ओळ दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडण्याजोगी आहे काय, कीं ती एकाद्याची मनास येईल तशी केलेली जुळवाजुळव आहे? या प्रश्नोत्तरांत कधीं कधीं कित्येक दिवस जातात. मग संमति मिळाली म्हणजे नोंद पक्की होते. प्रत्येक नोंदींत क्रमिकेचा क्रमांक, व्याख्या, ठाऊक असलेल्या संख्या, सूत्रें, मूळ ग्रंथांचे निर्देश आणि त्या संख्या संगणकाकडून काढून घेण्याची आज्ञावलि हीं दिलेलीं असतात. ज्या क्रमिकेच्या पुढील संख्या अजून हव्या आहेत, तिच्यावर तशी खूण असते. शिवाय कोणीं, केव्हां, काय भर घातली किंवा काय बदललें याचा सर्व इतिहास राखलेला असतो.

आमच्या मतें विश्वासाचें मूळ येथें आहे. या कोशांत सत्य बहुमतानें ठरत नाहीं. एकाद्या विधानामागें लिहिणाराची पदवी किती मोठी आहे हेंही कोणी विचारीत नाहीं. विधान असें लिहिलेलें असतें कीं, वाचणाऱ्यानें मनांत आणलें तर तें स्वतः पडताळून पाहावें. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. उच्च गणिताचे ग्रंथ आम्हांस उमगत नाहींत. तरी गाईंच्या क्रमिकेचे पहिले वीस आंकडे आम्हीं कागदावर बेरजा करून पडताळून पाहिले, आणि तसें करण्याचा आमचा अधिकार एकाद्या प्राध्यापकाच्या अधिकाराहून तिळभरही उणा नव्हता. पांच मुखांनीं गणितांतलें सत्य ठरत नसलें, तरी पांच जणांच्या डोळ्यांखालून गेलेल्या पानावर चूक फार दिवस लपून राहत नाहीं.

चुकीच्या बाबतींत या कोशाची एक रीत संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासकांस विशेष आवडेल. एकाद्या जुन्या ग्रंथांत किंवा निबंधांत क्रमिका चुकीची छापली गेली असेल, तर ती चुकीची ओळही कोशांत स्वतंत्र क्रमांकानें ठेवतात, ती चुकीची आहे असें तिच्या माथ्यावर लिहितात, आणि शुद्ध क्रमिका कोठें आहे तें दाखवितात. कारण उघड आहे. तो जुना ग्रंथ हातीं आलेला वाचक चुकीचेच आंकडे शोधीत येणार. त्यास रिकाम्या हातानें परत लावण्यापेक्षां शुद्ध पाठाकडे नेऊन पोंचविणें बरें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें कार्य चाललें, त्यांतही हाच विवेक होता. स्वीकारलेला पाठ वर, आणि निरनिराळ्या पोथ्यांतील पाठभेद खालीं टिपेंत. शोध घेणाऱ्यास शुद्ध पाठाइतकीच अशुद्धाची वाटही ठाऊक असावी लागते.

ज्यांच्यासाठीं असें भांडार असावें अशा माणसांचा विचार करूं लागलें कीं आम्हां शिक्षकांच्या डोळ्यांपुढें एक नांव आपोआप उभें राहतें. कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालीं डहाणू येथें झाला. फर्ग्युसन कॉलेजांत असतां १९२७ सालीं त्यांना रँग्लर परांजपे गणित-पारितोषिक मिळालें. पुढें १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळाली येथें शाळामास्तर होते. गणितांत पदव्युत्तर शिक्षण त्यांना लाभलें नाहीं. पण संख्यांचें वेड जन्मभर सुटलें नाहीं. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करावी, आणि आलेल्या बाकीवर पुन्हां तेंच करावें. सात पायऱ्यांच्या आंत आपण ६१७४ या संख्येवर येऊन थांबतों, हा त्यांचा शोध. ३५२४ घेतली तर ५४३२ मधून २३४५ वजा जातां ३०८७, मग ८३५२, आणि मग ६१७४. येथील विद्यापीठीय गणितज्ञांपैकीं बहुतेकांना हे शोध क्षुल्लक वाटत. कापरेकरांनीं आपल्या लहान लहान पुस्तिका स्वखर्चानें छापल्या. मार्च १९७५ मध्यें मार्टिन गार्डनर यांनीं एका प्रख्यात अमेरिकन मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां कोठें त्यांचें नांव जगभर झालें. १९८६ सालीं ते निवर्तले.

त्यांच्या पुस्तिकांची गति काय झाली, याचें एक बोलकें उदाहरण पाहा. एकादी संख्या घेऊन तिच्यांत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. १५ मध्यें १ व ५ मिळविले कीं २१ येतात, म्हणून १५ ही २१ ची जननी झाली. ज्या संख्येस अशी जननीच नाहीं, तिला आपण मराठींत स्वयंभू संख्या म्हणूं; जसें २०, ३१, ४२. कापरेकरांनीं या संख्यांवर देवळालीहून १९६३ सालीं पुस्तिका काढली. पुढें १९७४ सालीं अमेरिकेंतील एका गणित-नियतकालिकांत कोलंबिया देशांतील एका गणितज्ञानें याच संख्यांचा प्रश्न मांडला, आणि त्या ‘कोलंबियन संख्या’ म्हणून ओळखल्या जाऊं लागल्या. तसेंच, ज्या संख्येस तिच्या अंकांच्या बेरजेनें निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनीं ‘हर्षद’ असें गोड संस्कृत नांव दिलें. इकडे १९७७ सालच्या एका व्याख्यानावरून पाश्चात्य देशांत तिला ‘निव्हेन संख्या’ म्हणूं लागले. यांत कोणाचीही लबाडी नव्हती. देवळालीची पुस्तिका कोलंबियांत पोंचण्यास मार्गच नव्हता, एवढेंच. आज ओईआयएसमध्यें पाहिलें तर दोन्ही नांवें एकाच क्रमांकाखालीं शेजारीं शेजारीं आहेत, आणि कापरेकरांच्या नांवाची स्वतंत्र क्रमिकाही तेथें आहे. तिच्यांत ४५ ही संख्या येते. तिचा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून पुन्हां ४५. खेड्यांतील मास्तराच्या टिपणास जगाच्या दफ्तरांत कायमची जागा मिळणें, हें सामाईक भांडाराचें आम्हांस वाटणारें सर्वांत मोठें पुण्य आहे.

मात्र भांडार सामाईक आहे असें म्हटल्यानें तें सामाईक होत नाहीं. त्याची मालकी कोणाकडे आहे हें पाहावें लागतें. या बाबतींत २००० सालचा एक प्रसंग सर्वांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. एरिक वाईस्टाईन नांवाच्या अमेरिकन तरुणानें विद्यार्थिदशेपासून गणिताच्या टिपणांचा मोठा कोश जमविला व तो आंतरजालावर सर्वांसाठीं खुला ठेविला. १९९८ सालीं त्याचें पुस्तक सी. आर. सी. प्रेस या प्रकाशनसंस्थेनें छापलें. पुढें आंतरजालावरील कोश आणि छापील ग्रंथ यांच्या हक्कांविषयीं वाद उपस्थित होऊन प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि ऑक्टोबर २००० मध्यें न्यायालयाच्या मनाई-हुकुमानें ‘मॅथवर्ल्ड’ हा कोश बंद झाला. तडजोड होऊन तो नोव्हेंबर २००१ मध्यें पुन्हां उघडला. पण मधलें एक वर्षभर, रोज ज्याचा आधार घ्यावा तें दार जगांतील विद्यार्थ्यांस बंद होतें. कायद्यानें कोणाचें बरोबर होतें याचा निवाडा करण्याचें आम्हांस कारण नाहीं. कराराचे शब्द दोघांत ठरतात. पण त्या करारावर ज्यांचा अभ्यास अवलंबून असतो, त्यांना कोणी विचारीत नाहीं, ही गोष्ट मात्र खरी.

या अडचणींतूनच एक नवी कल्पना जन्मास आली. व्हर्जिनिया राज्यांतील एका विद्यापीठांतल्या ॲरन क्राउन व नेथन एगी या तरुणांनीं ‘प्लॅनेटमॅथ’ नांवाचा कोश सुरू केला. हा कोश बहुतांनीं लिहावयाचा, आणि त्यांतील मजकूर कोणासही घेतां येईल अशा अटीवर प्रसिद्ध करावयाचा, असा संकल्प होता. त्यांतील व्यवस्था एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास चटकन समजेल अशी होती. प्रत्येक नोंदीस एक पालक असे. इतरांनीं चूक दाखविली तर ठराविक मुदतींत ती सुधारणें हें पालकाचें कर्तव्य. त्यानें दुर्लक्ष केलें, तर नोंद पोरकी ठरे, आणि दुसऱ्या कोणींही तिला दत्तक घ्यावें! कालांतरानें प्लॅनेटमॅथची वर्दळ ओसरली व पुष्कळ मंडळी विकिपीडियाकडे वळली. तरी श्रम वायां गेले नाहींत. मजकूर मोकळा असल्यामुळें त्यांतील अनेक नोंदी विकिपीडियांत उतरवून घेतां आल्या. एक घर मोडलें तरी सामान दुसऱ्या घरीं सुखरूप पोंचलें, याचें कारण त्या सामानावर कोणाचें कुलूप नव्हतें.

ओईआयएसच्या चालकांनींही हीच दक्षता घेतली. २००९ सालीं स्लोन यांनीं आपला जन्माचा संग्रह एका धर्मादाय प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केला, जेणेंकरून कोणा एका व्यक्तीच्या किंवा नोकरी देणाऱ्या कंपनीच्या मर्जीवर तो अवलंबून राहूं नये. पंचेचाळीस वर्षें जपलेली वस्तु स्वतःच्या हयातींत, स्वतःच्या हातानें दुसऱ्यांच्या स्वाधीन करणें किती कठीण असतें, हें घरांतल्या किल्ल्या सुनेच्या हातीं देणाऱ्या वडील मंडळींस सांगावयास नको.

अगदीं उच्च गणितांतील आणखी एक उदाहरण सांगून हा भाग पुरा करूं. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांतील प्राध्यापक आयसे योहान डी यॉंग यांनीं २००५ सालीं ‘स्टॅक्स’ या नांवाचा प्रकल्प सुरू केला. बैजिक भूमितीचा पाया पहिल्या पायरीपासून, सर्व सिद्धतांसह, एकाच ग्रंथांत बांधून काढावयाचा, हा त्याचा हेतु. आज या ग्रंथाचीं सात हजारांहून अधिक पृष्ठें झालीं आहेत आणि शेंकडों माणसांनीं त्यांत भर किंवा दुरुस्ती केली आहे. ग्रंथ वाढतो तसे प्रकरणांचे व पृष्ठांचे क्रमांक बदलत जातात. मग आज कोणीं दिलेला निर्देश दहा वर्षांनीं कसा सांपडावा? त्यासाठीं प्रत्येक सिद्धान्तास चार चिन्हांची एक खूण दिलेली असते, आणि सिद्धान्त कोठेंही हलला तरी ती खूण कधीं बदलत नाहीं. आपल्याकडे माणूस गांव बदलतो, घर बदलतो, पण संकल्पांत गोत्र तेंच उच्चारतो, तसेंच हें.

या रीतींत दोष नाहींत असें नव्हे. ज्या विषयाची गोडी पुष्कळांना आहे त्यावर दहा जण लिहितात, आणि जो निरस पण आवश्यक आहे तो तसाच पडून राहतो. विकिपीडियांतील गणितविषयक लेख तर पुष्कळदां जाणत्यानें जाणत्यासाठीं लिहिल्यासारखे असतात. नुकत्याच शिकूं लागलेल्या मुलास तेथें दोन ओळींच्या पुढें वाट सुधरत नाहीं. संपादनाचा भार मूठभर स्वयंसेवकांवर पडतो, आणि ते थकले म्हणजे मसुदे सांचून राहतात. सिद्धता लांब असेल तर ती तपासण्याइतका वेळ व अधिकार असलेलीं माणसें थोडीं असतात. या शेवटच्या अडचणीवर अलीकडे संगणकाची मदत घेऊं लागले आहेत. ‘लीन’ नांवाच्या संगणकीय भाषेंत गणिताचे सिद्धान्त व त्यांच्या सिद्धता पायरीपायरीनें लिहितात, आणि प्रत्येक पायरी नियमास धरून आहे कीं नाहीं हें यंत्र तपासतें. २०१७ पासून अनेकांच्या सहकार्यानें या भाषेंत एक ग्रंथालय उभें राहत आहे. जर्मन गणितज्ञ पेटर शोल्झे यांना आपल्या एका अवघड सिद्धतेविषयीं खात्री करून घ्यावयाची होती. डिसेंबर २०२० मध्यें त्यांनीं तसें जाहीर आवाहन केलें, आणि जुलै २०२२ मध्यें त्या मंडळीनें तिची यंत्राकडून पूर्ण तपासणी करून दाखविली. जगद्विख्यात पंडितानें आपली सिद्धता आपण होऊन इतरांच्या कसोटीस लावावी, यांत कमीपणा नसून शास्त्राची निष्ठा आहे.

असो. हा सर्व विषय दूरदेशींच्या विद्वानांचा आहे, आपला त्याच्याशीं काय संबंध, असें वाचकांनीं मनांत आणूं नये. या कोशांत येण्यास पारपत्र लागत नाहीं कीं पदवी लागत नाहीं. आपल्या कित्येक घरांतून जुन्या ट्रंकांत व माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या वह्या पडलेल्या असतात. कोणीं मायावर्ग रचलेले असतात, कोणीं छंदांचे प्रस्तार मांडलेले असतात, कोणीं अंकांच्या गमती वर्षानुवर्षें टिपलेल्या असतात. त्यांतील पुष्कळ गोष्टी इतरांसही सांपडलेल्या असतील. कांहीं मात्र नसतीलही, आणि तें कळण्याचा मार्ग आतां मोकळा झाला आहे. घरांत गणिताची आवड असलेली नात किंवा नातू असेल, तर ती वही त्याच्यापुढें ठेवावी. त्यानें प्रथम आंकडे स्वतः करून पाहावे, मग कोशांत शोधावे, आणि खरोखरच नवें कांहीं आढळलें तर खऱ्या नांवानिशीं, ‘अमक्यांच्या अमुक सालच्या वहींतून’ असा स्पष्ट उल्लेख करून सुचवावें. संपादक खोदखोदून प्रश्न विचारतील, व्याख्या नीट करावयास सांगतील, कदाचित् मसुदा परतही करतील. त्याचा राग मानूं नये; पाठशाळेंत गुरुजी पदच्छेद चुकला म्हणून थांबवीत, त्यांतलाच तो प्रकार समजावा. वहीचा कागद आणखी पन्नास वर्षें टिकेल कीं नाहीं हें कोणीं सांगावें? पण तींतील एक खरी ओळ पडताळून या भांडारांत पोंचती केली, तर ती वाळवीच्या तावडींतून तरी सुटेल.